पाणी हलतंय तोवर

लोक विचारतात, "सिस्टर, तुमच्या वॉर्डात भुतंबितं दिसतात का हो?" मी म्हणते, भुतांना खाट मिळाली तर दिसतील ना! आमचा छातीचा वॉर्ड, नंदुरबार जिल्ह्यातला, बारा महिने भरलेला. भूत मी आजवर पाहिलं नाही. बाटल्या मात्र पाहिल्यात. एकेका बाटलीमागे एकेक किस्सा साठत गेलाय, त्याला मी तरी काय करू!

बाटली म्हणजे काय, ते आधी सांगते. फुफ्फुसाला भोक पडलं की हवा बाहेर येऊन छातीत अडकते, फुफ्फुस दबतं, माणूस गुदमरतो. मग डॉक्टर दोन बरगड्यांच्या मधून नळी घालतात आणि तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवतात. अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघून जाते. आणि माणूस श्वास घेतो तसं नळीतलं पाणी वर-खाली होतं. श्वास डोळ्यांनी दिसतो हो! इतकी वर्षं झाली, मला अजूनही त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही.

*

प्रकाशा गावचे एक केळीवाले शेतकरी ट्रॉलीवरून पडले, बरगडी मोडून फुफ्फुसात घुसली. नळी घातली, माणूस सावरला. मी जेवून येते तर बाटली खाटेवर, उशीशेजारी! पाणी उलटं छातीकडे चढायला लागलेलं. मी ओरडतच धावले आणि बाटली परत खाली, चपलांशेजारी ठेवली.

"कोणी ठेवली वर?"

धाकटा भाऊ हात जोडून उभा. "मी, ताई. भाऊना जीव शे तेन्हामा. जीवले चपलास जोडे कसा ठेवाना?"

बाटलीला त्याने कुंकूही लावलं होतं. पुसायला हात गेला माझा, पण पुसवलं नाही.

*

खांडबाऱ्याचे एक आजोबा नळीवरच कुशीला झोपले. नळी दबली, हवेला वाट मिळेना, मग ती कातडीखाली शिरली. तासाभरात गळा, गाल, पापण्या अशा फुगल्या की डोळे दिसेनात! बोट दाबलं की कातडी कुरकुर वाजायची, चुरमुऱ्यांच्या पिशवीसारखी. मुलगा चहा घेऊन आला आणि दारातच थिजला.

"हाऊ मन्हा बाप नई शे!"

"अरे, तेच आहेत."

"नई! मन्हा बाप कथा शे?"

बाप कुठे गेला म्हणून माणूस खरंच रडकुंडीला आला होता. तेवढ्यात त्या फुगलेल्या तोंडातून, ओठ न हलता, एक सणसणीत शिवी बाहेर पडली.

"हाऊच शे, सिस्टर!" मुलगा म्हणाला आणि हमसून हमसून रडला. आम्ही नळी सरळ केली. चेहऱ्याची सूज उतरायला दोन-तीन दिवस लागले, पण तोवर मुलाने बापाचा हात सोडला नाही.

*

आमच्या सफाईच्या हमीदा मावशी एकदा भर दुपारी बादली टाकून पळत आल्या. सहा नंबरची खाट सकाळीच रिकामी झालेली. कशी, ते सांगायला नको. आणि तिच्याखालून आवाज, गुडगुड... गुडगुड...

"गया वो," मावशी म्हणाल्या, "लेकिन सांस यहीं भूल गया!"

मी वाकून पाहिलं. पाच नंबरची बाटली सरकून तिकडे गेलेली! सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. अजूनही सहा नंबरखाली झाडू घालण्याआधी त्या हळूच विचारतात, "मैं आऊं क्या?"

*

रूमलीबाई सातपुड्यातल्या मोलगीच्याही वरच्या एका पाड्यावरची. नवऱ्याच्या, दित्याच्या, फुफ्फुसाला भोक पडलेलं. नळी घातली तरी ती बाई मला दर पाच मिनिटांनी विचारायची, "मरेल का?"

मी घाईत होते. बोलून गेले, "पाणी हलतंय तोवर काळजी करू नको, बाई." माझ्या तोंडाला कुलूप हवं होतं तेव्हा!

त्यानंतर तिने नवऱ्याकडे बघणंच सोडलं. फरशीवर बाटलीसमोर मांडी घालून बसायची. भाकरीही तिथेच खायची. दित्याने काही मागितलं की हात मागे करून द्यायची, नजर पाण्यावर.

आठव्या दिवशी पाणी थांबलं. तिने अशी किंकाळी फोडली की अख्खा वॉर्ड उठून बसला! छाती बडवून घ्यायला लागली. वर खाटेवर दित्या केळं खात होता.

"अगं, मी हाय ना!" तो म्हणाला.

"तू गप! पानी थांबला!"

आमच्या सरांनी, म्हणजे वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी, तिला समजावलं. फुफ्फुस पूर्ण उघडलं की पाणी थांबतंच, बरा झालाय तो. छातीचा एक्स-रे फोटो काढून खात्री केली, नळी काढली, घरी सोडलं. निघताना तिने मला विचारलं, "आता घरी मी काय बघू?"

"त्याच्याकडे बघ," मी म्हटलं. तिला ते काही पटलेलं दिसलं नाही.

*

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी ती जीपमधून उतरली. मागे दित्या, धडधाकट. तिच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली. आत पाणी, पाण्यात एक स्ट्रॉ उभी, वर बूच घट्ट. कशालाही न जोडलेली.

"ह्याच्या खाटेखाली ठेवते. रोज हलायचा पानी. काल थांबला."

ओपीडीतल्या नव्या डॉक्टरांनी दित्याला तपासलं. दम नाही, दुखणं नाही. "पुढच्या आठवड्यात या," म्हणाले. रूमलीबाई दारातून हलेना. मागची रांग ओरडायला लागली. ती कुणाकडेच बघत नव्हती, फक्त माझ्याकडे. वाक्य माझंच होतं ना ते! मी थेट सरांना गाठलं. "सर, एक फोटो काढू या. हवं तर माझ्या समाधानासाठी."

फोटोत डावं फुफ्फुस मुठीएवढं! आणि फोटो बघेपर्यंत दित्याचे ओठ निळे पडलेले. तो खुर्चीतून खाली घसरला. सरांनी तिथेच जमिनीवर छातीत सुई घातली. फुस्स! मग नळी, मग बाटली. दित्याने एक मोठा श्वास घेतला.

रूमलीबाईने आपली बाटली आमच्या बाटलीशेजारी जमिनीवर ठेवली आणि मांडी घातली.

सर हातमोजे काढता काढता, नेहमीच्या सवयीने म्हणाले, "सिस्टर, पाणी हलतंय का?"

मी वाकले. वाकूनच राहिले.

"सिस्टर?"

"हलतंय, सर," मी म्हणाले. "दोन्हींतलं."