शेठच्या व्हरांड्यापुढचा बोरू

आमच्या शेजारी बंगला बांधणाऱ्या मुंबईच्या शेठला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. तो कधीच वारला. तरी नाही.

तुंगार्लीचं तळं तेव्हा नवं होतं. शेठचा बंगला चढावर, आमचं घर खाली. पहिल्याच पावसाळ्यात त्याने न्हाणीचं आणि छपराचं सगळं पाणी चर खणून आमच्या परसात सोडलं. तिथे आईची हळद होती. आमच्या घरात नवरीला लागते ती परसातलीच हळद, आईने पिकवलेली आणि आईनेच दळलेली. बहिणीचं लग्न ठरलं होतं, म्हणून त्या वर्षी आईने वाफ्यांना फार जपलं. श्रावणापर्यंत सगळे वाफे कुजले. मी भांडायला गेलो, तर शेठ आरामखुर्चीतून उठलासुद्धा नाही. "जागाच ओली आहे तुमची. शोभेचं काहीतरी लावा," म्हणाला, आणि पाहुण्यांकडे बघून हसला. बहिणीला दुकानातली हळद लागली. मांडवात आई कुणाशी धड बोलली नाही.

म्हटलं, शोभेचं तर शोभेचं. आंदर मावळात मामाच्या ओढ्याला बोरू माजलेला असे, दोन पुरुष उंच. त्याची मुळं बैलगाडीत घालून आणली आणि कुंपणालगत, शेठच्याच पाण्यात लावली. नवा कोंब दिसला की त्या दिवशी मला जेवण गोड लागे. बघता बघता बोरूची भिंत उभी राहिली. वर पांढरे तुरे डुलायचे, दिसायला देखणेच. व्हरांड्यातून शेठला तळं दिसेनासं झालं, आणि त्या तळ्यासाठीच तर त्याने तिथे बंगला बांधला होता.

पुढच्या वर्षी दिवाळीत तो स्वतः खाली आला. चर बुजवतो म्हणाला, पण एवढं तोडा. आई जन्मात कुणाला उलटून बोललेली नव्हती. आता ती विरघळणार, अशी मला धास्ती. तिने त्याला पाट दिला, चहा दिला. कप रिकामा होईपर्यंत थांबली.

"शेठ, शोभंचं लावा म्हनलात, लावलं. आता तोडायचं न्हाई."

तो गेला. आईने कप विसळला आणि परसात जाऊन वर बंगल्याकडे बघत उभी राहिली.

"त्या कडंची खिडकी उघडीच ऱ्हायली की रं," म्हणाली. "तितं बी लाव."