एक शनिवार बर्स्लेमचा, एक शनिवार स्टोकचा

इनिड ब्लूरच्या माहेरी लाल आणि पांढरा हे दोन रंग शेजारी-शेजारी ठेवायची सोय नव्हती. वेगवेगळे चालायचे. पण एकाआड एक पट्टे दिसले की तिचा बाप जेबेझ तोंड फिरवायचा. आईने एकदा बाजारातून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं फडकं आणलं, भांडी पुसायला. जेबेझने ते सायकलची चेन पुसायला घेतलं. स्टोक सिटी या फुटबॉल संघाचे खेळाडू तसल्या पट्ट्यांचा शर्ट घालतात आणि ब्लूर मंडळी पिढीजात बर्स्लेमच्या पोर्ट व्हेलची, म्हणजे विरुद्ध संघाची. दोन्ही मैदानं एकाच शहरात, अंतर चार मैलांचं. पण इकडचा माणूस तिकडे पाऊल टाकत नाही.

मी बर्स्लेममध्ये चाळीस वर्षं ओटच्या पिठाची धिरडी विकली. शनिवारी सकाळी दुकानाबाहेर रांग लागते आणि रांगेत दोन्हीकडची माणसं असतात, म्हणून मी कुणाची हे आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. इनिडची गोष्ट मात्र मी सांगू शकते, कारण ती माझ्याच तव्यासमोर सुरू झाली.

जेबेझ चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीत भांडी रचायचा. कच्च्या भांड्यांनी भरलेले जड मातीचे डबे डोक्यावर घेऊन तो शिडी चढायचा आणि त्यामुळे त्याच्या टाळूवर केस म्हणून उरले नव्हते. मुलगा नव्हता, म्हणून तो इनिडलाच मॅचला न्यायचा. एकोणीसशे चौपन्न साली व्हेल तिसऱ्या श्रेणीतला संघ असूनही एफ.ए. कपच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेला. तेव्हा इनिड सोळा वर्षांची होती. बापाला एकच तिकीट मिळालं होतं. तो एकटा गेला आणि रात्री परत आला तो न बोलता. व्हेल आधी एका गोलने पुढे होता, मग दोन-एक असा हरला, आणि त्याने शेवटी शेवटी घातलेला गोल ऑफसाइड ठरला. जेबेझ त्यानंतर पंचवीस वर्षं जगला. मरेपर्यंत त्याचं म्हणणं होतं, की तो गोल चोख होता.

इनिड पंधराव्या वर्षीच कारखान्यात लागली होती, कपबश्यांवर फुलं रंगवायला. हात सुरेख होता. बहात्तर साली स्टोकने वेम्ब्लीवर लीग कप जिंकला आणि कारखान्याला आठवणीच्या मगांची मोठी ऑर्डर आली. लाल-पांढरे पट्टे. पट्टा सरळ ओढणारा हात इनिडचा, त्यामुळे काम तिच्याच टेबलावर आलं. घरी ही बातमी पोचली तेव्हा जेबेझने पंधरा दिवस तिच्याशी अबोला धरला. सोळाव्या दिवशी विचारलं, "पट्टे वाकडे तरी काढलेस का?" तिने नाही म्हटलं. तो पुन्हा आठवडाभर गप्प.

तिचा नवराही व्हेलचाच होता. भट्टीच्या धुळीने त्याची छाती धरली आणि तो लवकर गेला. मूलबाळ नाही. मग बापही गेला. व्हेलच्या मैदानावर ब्लूरांच्या तीन जागांपैकी दोन रिकाम्या पडल्या आणि मधल्या जागेवर इनिड एकटी बसू लागली.

त्याच सुमारास तिच्या शेजारच्या घरात क्लेम टॅम्स राहायला आला. साठीतला माणूस, भांड्यांचे साचे बनवणारा, हाडाचा स्टोकवाला. काचबिंदूने त्याची नजर जात चालली होती आणि आल्यावर वर्षाच्या आत पुरती गेली. तरी मॅच त्याने सोडली नव्हती. त्याचा मेहुणा त्याला न्यायचा आणि समोर काय चाललंय ते कानाशी सांगायचा. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तो मेहुणा वारला.

त्या सप्टेंबरात एका शनिवारी क्लेम माझ्या दुकानात आला. सहा धिरडी, दोन चीजची. मी सहज विचारलं, आज मॅचला कुणाबरोबर जाणार. तो म्हणाला, "कुणाबरोबर जाणार? जागा मी आता सोडून देतोय." त्याच्यामागे इनिड उभी होती. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "मिस्टर टॅम्स, व्हेल आज बाहेरगावी खेळतंय. मी रिकामीच आहे. मी येते."

माझ्या तव्यावरचं धिरडं करपलं ते तेव्हा.

क्लेमलाही वाटलं, ही थट्टा करतेय. ती नाही म्हणाली. पण अटी सांगितल्या. गळ्यात स्टोकचा पट्ट्यांचा मफलर घालणार नाही, टाळ्या वाजवणार नाही, गाणी म्हणणार नाही. क्लेमने आपली एकच अट घातली. "जे घडेल ते सांगायचं. तुम्हाला घडावंसं वाटेल ते नाही."

पहिल्या मॅचला तिने वाईट सांगितलं. हे तिनेच मला नंतर कबूल केलं. चेंडू कुणाकडे आहे, एवढंच ती सांगायची आणि मग गप्प. क्लेमने विचारलं, आता काय चाललंय? ती म्हणाली, काही नाही. तो म्हणाला, "बाई, नव्वद मिनिटांत काही नाही असं कधी नसतं. गोलकीपर काय करतोय ते बघा." तिने पाहिलं. गोलकीपर बुटाच्या टाचेने गवतात रेघ ओढत होता. तीस वर्षं ती मॅच बघत होती आणि चेंडू लांब असताना गोलकीपर काय करतो याकडे तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

मग ती सांगायला लागली. रंग तर तिचा धंदाच होता. क्लेम विचारायचा, शर्ट आज कसला लाल दिसतोय? सुरुवातीला तांबडा, चिखलात लोळल्यावर विटकरी, पावसात भिजला की डाळिंबी, असं ती सांगायची. आसपासची माणसं बोलणं थांबवून ऐकू लागली. मागच्या रांगेत रॉय मेचिन नावाचा एक ट्रकवाला बसायचा, गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा. ही बाई बर्स्लेमची हे त्याला तिसऱ्या मॅचला कळलं. तेव्हापासून इनिड दिसली की तो मोठ्याने विचारायचा, "काय हो, वास कसला येतोय? व्हेलचा का?" इनिड मागे न वळता म्हणायची, "तुमच्याच बचावफळीचा असेल. चार मॅच झाल्या, हलली नाहीये." रॉयचे मित्रच हसायचे.

दोन महिन्यांनी क्लेम म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात, आता मी तुमच्या घरी येतो. पुढच्या शनिवारी तो मफलर घरी ठेवून व्हेलच्या मैदानावर गेला आणि इनिडच्या बापाच्या जागेवर बसला. तिथला वारा कुप्रसिद्ध आहे. क्लेम कॉलर वर करून म्हणाला, तुमच्या लोकांना बघायला मॅच नसती तरी तुम्ही शिक्षा म्हणून इथे आला असता. तेव्हापासून एक शनिवार इकडचा, एक तिकडचा, असं चालू झालं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नाही.

बसमध्ये दोघं इतिहासावरून भांडायचे. क्लेमला स्टोकचा इतिहास तोंडपाठ. लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांत आम्ही होतो, हे तो दर आठवड्याला सांगायचा. जन्म अठराशे त्रेसष्टचा, असं म्हणायचा. इनिड म्हणायची, "ते तुमचं तुम्ही लावून घेतलंय. जाणकार अडुसष्ट म्हणतात. शाळेत नाव घालताना मास्तर टाकतात तसली तारीख आहे तुमची." क्लेम म्हणायचा, तुमचीही तीच गत, शहाहत्तर म्हणता आणि निघतं एकोणऐंशी. मग एकदा इनिड वाचनालयात गेली आणि जुनी वर्तमानपत्रं चाळून आली. एकोणीसशे सात साली व्हेल बंद पडला होता आणि पुढच्याच वर्षी स्टोक. नंतर दोन्हीकडच्या माणसांनी ते पुन्हा उभे केले. तिने हे सांगितलं तेव्हा क्लेम बराच वेळ हसत राहिला. म्हणाला, तुमच्याशिवाय एक वर्ष काढलं आणि आम्हाला करमेना.

त्याच प्रवासांत कधीतरी चौपन्न सालचा विषय निघाला. इनिडने बापाचा तो मुका शनिवार सांगितला. मग क्लेम म्हणाला, त्या संध्याकाळी मी चौकात क्रीडापत्राची वाट बघत उभा होतो. आजूबाजूचे सगळे स्टोकचे. निकाल वाचून ते नाचले. मी पण नाचलो. घरी जाऊन मात्र जेवण गेलं नाही.

"का रे?" इनिडने विचारलं.

"आपल्याच गावातली पोरं होती ती," क्लेम म्हणाला. "बत्तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस."

इनिड त्या दिवशी बसमधून उतरली ती घरी गेली नाही, कबरस्तानात गेली. तिथे ती काय बोलली हे तिने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, बाबांना हे कळायला हवं होतं.

एकोणनव्वद साली दोन्ही संघ बत्तीस वर्षांनी एकाच श्रेणीत आले आणि सप्टेंबरात स्टोकच्या मैदानावर भिडले. माझ्या दुकानात त्या आठवड्यात भावाभावांनी बोलणं टाकलं होतं. इनिडने आपल्या लोकांत बसावं असं व्हेलच्या सगळ्यांचं म्हणणं होतं. ती म्हणाली, आज क्लेमला कोण सांगणार? आणि ती स्टोकच्या स्टँडमध्ये, रॉय मेचिनच्या पुढच्या रांगेत जाऊन बसली.

पहिला गोल व्हेलने घातला.

भोवतालची हजारो माणसं एकदम गप्प झाली आणि दूरच्या कोपऱ्यातून व्हेलवाल्यांची आरोळी आली. इनिडचे हात मांडीवर होते, ते तिने घट्ट धरून ठेवले. आयुष्यभर ज्या गोलची वाट पाहिली तो झाला होता आणि तिला ओरडता येत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या माणसाला तो सांगायचा होता. क्लेमला आवाजावरून सगळं कळलंच होतं. तो तिच्याकडे वाकून म्हणाला, "सांग. तुमचा आहे म्हणून कमी करून सांगू नकोस. मला आख्खा पाहिजे."

मग तिने सांगितला. हळू आवाजात, पण पहिल्यापासून: चेंडू कुठून आला, कोण धावलं, कोण चुकलं, जाळी कशी फुगली, आणि गोल घालणारा पोरगा हात पसरून धावताना कसा लहान मुलासारखा दिसत होता. मागे रॉय होता. तो ऐकत होता. संपल्यावर क्लेमने मान डोलावली. "चांगला गोल होता," तो म्हणाला. रॉयने शिवी दिली, पण कुणाला ते स्पष्ट नव्हतं. नंतर स्टोकने बरोबरी केली आणि तोही गोल इनिडने तितकाच नीट सांगितला. मॅच एक-एक सुटली. बाहेर पडताना रॉयने क्लेमचा दुसरा हात धरला आणि गर्दीतून दोघांना बसपर्यंत आणून सोडलं. पुढच्या मॅचला त्याने वासाचं पुन्हा विचारलं, तो भाग वेगळा.

सत्त्याण्णव साली स्टोकचं जुनं मैदान बंद झालं. शेवटच्या मॅचनंतर माणसं गवत उपटून नेत होती. क्लेमने इनिडला सांगितलं, मला कठड्यापाशी ने. ज्या लोखंडी कठड्याला टेकून तो लहानपणी उभा राहायचा तिथे तिने त्याचा हात ठेवला आणि समोर काय काय दिसतंय ते सगळं सांगितलं. अर्धा तास लागला. त्या हिवाळ्यात क्लेम गेला. जाण्याच्या आदल्या आठवड्यात तो इस्पितळात तिला म्हणाला, "अकरा वर्षं तू दाखवलंस ते मी डोळे होते तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. तुझे उपकार आहेत." इनिड म्हणाली, उपकार माझ्यावर आहेत, मी तर गोलकीपरकडे बघतही नव्हते.

ती घरी बसली नाही. क्लेमच्या मुलीने कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला. नजर गेलेली तीन-चार माणसं इनिडकडे आली. दोन स्टोकची, बाकी व्हेलची. तिने सगळ्यांना नेलं. पुढे इतरांना सांगायचं कसं तेही शिकवलं, आणि प्रत्येकाला पहिली गोष्ट तीच: घडेल ते सांगायचं. ऐंशी ओलांडेपर्यंत तिचा एकही शनिवार चुकला नाही.

मग खुबा मोडला. बसची पायरी चढवेना. पहिल्या दोन मॅच ती घरी रेडिओजवळ बसली. तिसऱ्या शनिवारी तिच्या दाराशी एक गाडी थांबली आणि रॉय मेचिन उतरला. आता तोही सत्तरीचा. म्हणाला, "चला, तुमच्या व्हेलच्या त्या थंडगार बिळात सोडतो. मी बाहेर बसेन. आत पाऊल ठेवणार नाही." आणि खरंच तो पहिल्या दिवशी गाडीत बसून राहिला. दुसऱ्या वेळी बर्फ पडत होतं. इनिडने त्याला खिडकीतून सांगितलं, "रॉय, आत ये. एकटीने बघितलेलं मला आता पचत नाही."

तो आत गेला आणि हात खिशात घालून तिच्या शेजारी बसला. दोन वर्षं झाली, अजून बसतोय. व्हेलचा गोल झाला तर तो दुसरीकडे बघतो. पण मध्यंतराला चहा तोच आणतो, तिचा गुडघा पांघरुणाने झाकला आहे ना बघतो, आणि उठताना काठी हातात देतो.

परवा ती दुकानात आली होती. दुकान आता भाची चालवते, मी कोपऱ्यात बसते. इनिड माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, "मला किती माणसं मिळाली गं." मी म्हटलं, स्टोकची धरून? ती म्हणाली, "स्टोकचीच जास्त." बाहेर रॉय गाडीचा भोंगा वाजवत होता. मॅचला अजून तीन तास होते, पण त्याला लवकर पोचायला आवडतं.