सुपडूने इंजिन धुतलं

ताडपत्री वर गेली. रंगमंच म्हणाल तर सुरतेतल्या नवागामच्या रस्त्याकडेचं निंबा मिस्त्रीचं गॅरेज. उजेड श्रावणातला, मळकट. मधोमध निळा डिझेल टेम्पो, इंजिनावरचं झाकण काढलेलं. आत पाहा मंडळी! काळा, दाट गाळ, बोट खुपसलं तर बोटाचा खड्डा तसाच राहावा. समोर सुपडू उभा, देवळात उभा असावा तसा.

हा टेम्पो एकेकाळी आमच्या तमाशाच्या फडाचा. मी वगात राजा व्हायचो आणि सुपडू फडाचा ड्रायव्हर. वयात येताच तो सुरतेतल्याच लिंबायतला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागला होता. त्या खडखडाटात त्याचा डावा कान गेला, तेव्हा पळून खानदेशात आमच्याकडे आला. रात्री तंबू, पहाटे प्रवास, पेट्यांवर झोपलेली माणसं. आमच्या वगाला टाळ्या पडत, पण पुढच्या गावी पोचवायचा तो सुपडूच. फड मोडला तेव्हा मालकाने गाडी त्यालाच देऊन टाकली. ती घेऊन तो परत सुरतेला आला, मागोमाग मलाही घेऊन आला. लिंबायतच्या लूमवरचं कापड तो शहराबाहेर सचिन गावच्या कारखान्यात रंगाईसाठी पोचवायचा. लूमच्या शेडसमोरून जाताना मोठ्याने हॉर्न वाजवायचा. मी विचारलं, "कोणाला रे?" तर म्हणाला, "त्यांना नाही, राजे. मला. मी बाहेर आहे, हे कळावं म्हणून."

आता गाडी उभी राहिली की ऑईलचा लाल दिवा लुकलुकू लागला होता. किलोमीटरचा काटा तर कधीच थकून थांबलेला.

निंबा म्हणाला, "धुवायचं नाव काढू नको. या गाळानेच म्हातारीची हाडं जागेवर धरलीत. खालचा ऑईलचा चेंबर उतरवू, हाताने खरवडू, जाळी साफ करू. चार दिवस गाडी इथे ठेव."

"सीझनमध्ये चार दिवस? शेठ दुसरा टेम्पो लावेल. मग पुन्हा लूम!"

"मग आहे तशी चालव. जाईल तितके दिवस जाईल."

तिथे लोटू बसला होता, तोही टेम्पोवालाच. तो हसला. "निंबाभाऊ काय, खोलल्याशिवाय जेवत नाही! अरे, ऑईल काढ, त्या जागी डिझेल भर, थोडा वेळ चालू ठेव, सगळी घाण खाली. अंघोळ घातल्यागत होते गाडी."

सुपडूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "निंबाचं ऐक." पण माझं इंजिनाचं ज्ञान त्याला ठाऊक होतं. फडात मला कंदीलही धड पेटवता येत नसे.

रविवारी कानबाई देवी बसायची होती. आमच्या खानदेशी गल्लीत त्या आठवड्यात काही मळकं राहत नाही. भिंतींना चुना, गोधड्या नदीवर, डबे घासून उन्हात. सुपडूची बायको सुभद्राबाई दारात भांडी घासत होती. तिने टेम्पोत डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "सगळं घर धवाई गयं, आन हिना पोटमा हाई घाण? याच गाडीमा माय बसस ना?"

खरंच होतं. दरवर्षी गल्लीची कानबाई सोमवारी विसर्जनाला याच टेम्पोतून तापीवर जायची. मी पुढे बसून गाणी म्हणायचो, मागे बायका फुगड्या घालायच्या, सुपडू मुंगीच्या चालीने चालवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लोटूच्या सांगण्याप्रमाणे डिझेल भरून इंजिन धुतलं, मग नवं ऑईल भरलं.

आणि काय आवाज लागला म्हणून सांगू! गोड, मोकळा, तरण्या गायकासारखा. लाल दिवा विझला. सुपडूने मला शेजारी बसवून लिंबायतला फेरी मारली, गल्लीत पेढे वाटले. निंबा पेढा हातात धरून नुसता इंजिन ऐकत राहिला. खाल्ला नाही.

शनिवारी कापड भरून आम्ही सचिनला निघालो. भेस्तानच्या पुढे दिवा लागला. आता लुकलुकला नाही, सरळ लागला. सुपडू म्हणाला, "वायर हलली असेल." मग खालून टकटक सुरू झाली, कोणी आत कोंडल्यासारखी. त्याने उजवा कान पुढे केला. किल्ली फिरवून गाडी बंद करायच्या आधीच इंजिनाने एक झटका दिला आणि ते जाम झालं.

निंबाने दोरी बांधून टेम्पो आणला, चेंबर उतरवला. सुटलेला सगळा गाळ तेल ओढायच्या जाळीवर लोण्यासारखा थापला होता. वर तेलाचा थेंब गेला नव्हता. बेरिंग वितळलेले, क्रँक ओरखडलेला. निंबाने जाळी सुपडूच्या हातात दिली आणि हात पुसत बसला. सुभद्राबाई रडत म्हणाली, "मीच बोलले." सुपडूने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

सोमवारी कानबाई बायकांच्या डोक्यावरून तापीवर गेली. मला गाणं आठवेना. नव्या इंजिनाला पैसे नव्हते, पुढच्या आठवड्यात भंगारवाला टेम्पो ओढून घेऊन गेला. रिकाम्या जागी तेलाचा डाग उरला, सुभद्राबाईने तोही घासला.

सुपडू डबा घेऊन लिंबायतकडे निघाला तेव्हा मी शेडच्या दारापर्यंत गेलो. आत लूम खडखडत होते, माणसं एकमेकांना हातांनी खुणा करत होती. त्यानंतर तो मला कितीदा दिसला, मान हलवून गेला, पण बोलला तो त्या दारातच शेवटचं. मी विचारलं होतं, "सुपडू, जमेल का रे पुन्हा?"

तो म्हणाला, "इथे एक बरं आहे, राजे. या आवाजात कोणी काही विचारत नाही."