मायचा आवाज सेव्ह होईना

आमची सत्यशीलाताई एक नंबरची भित्री. तुम्ही म्हणाल, परतूरच्या स्टेशन रोडवर एकटी बाई टायपिंगचं दुकान चालवती, ती भित्री कशी? पण होती. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह ती मेलेला उंदीर धरावा तसा चिमटीत धरायची. एकदा व्हायरसनं तिचं सगळं काम खाल्लं होतं. तेव्हापासून जालन्याच्या कंप्युटरवाल्या बद्रीनाथकडून तिनं अँटिव्हायरस इतका कडक करून घेतला की विचारल्याबिगर कंप्युटरात काही शिरूच नये. मी तिची धाकटी बहीण, बेबीनंदा. मी तिला हसायचे.

२००७ साली मायच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागंल. बाई जगंल, पण बोलणार न्हाई. आमची माय साळूबाई, बारशाला पाळणा म्हणायला वस्तीत तिलाच बोलवायचे. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी ताईनं तिला दुकानात बसवलं, पुढं माईक ठेवला. शेजारचा रेडिओ दुरुस्तीवाला भिवा त्याचा सेलवरचा टेप देऊन राह्यला होता. ताई म्हणाली, फीत गुंतती, कंप्युटरातलं जन्मभर राहतं.

माय गायली. गळा सोलवटत होता तरी आम्हा दोघींचेही पाळणे पुरे म्हणली. शेवटी नुसती खरखर उरली आणि ती भिंतीला टेकली.

ताईनं सेव्ह दाबलं. कोपऱ्यात लाल चौकट आली. अनोळखी प्रोग्राम, फाइल लिहायला मनाई. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम तिनं कालच सीडीवरून घातल्ता. आवाज तपासला, सेव्ह तपासलंच न्हाई बाईनं! तिनं फाइलचं नाव बदललं, डी ड्राइव्ह निवडला, डेस्कटॉपवर टाकून बघितलं. दरवेळी तीच चौकट.

मंग अँटिव्हायरसमध्ये शिरून तिनं त्या प्रोग्रामला मुभा दिली. लगेच खाली ओळ उमटली, बदल लागू होण्यासाठी कंप्युटर रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केलं की गायलेलं सगळं पुसलं जाणार. बद्रीनाथला फोन लावला, तर तो म्हणे रीस्टार्टशिवाय इलाज न्हाई, परत रेकॉर्ड करा ना, बिलकुल सोपं आहे. सोपं म्हणे! ताईनं फोन ठेवला.

वर लोडशेडिंगची वेळ होत आलेली आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"बेबी, मायचा आवाज माझ्या हातानं मरून राह्यला," ती म्हणाली.

माझी पाचावर धारण बसली. पण रागही आला, आणि मी तिच्यावर खेकसले की सेव्ह होत न्हाई तर न्हाई, वाजतंय तर ना, वाजव जल्दी. आणि भिवाचा टेप आणायला पळाले.

टेप स्पीकरच्या तोंडाशी ठेवून चालू केला. स्पीकरातली माय गाऊ लागली, आणि खरी माय भिंतीशी डोळे मिटून ऐकत बसली. आम्ही श्वासही भीतभीत घेत होतो. एकदा पंख्याकडं बघायचं, एकदा स्क्रीनकडं. ताईचा पाळणा झाला. माझा अर्ध्यावर आला आणि पंखा मंदावला, स्क्रीन काळी झाली. ताई हमसून हमसून रडायला लागली. टेप बंद करायचं कुणालाच सुचलं न्हाई.

माय ऑपरेशनमधून सुखरूप उठली. आता हातवारे करून बोलती, चिडली की टाळी वाजवती. कॅसेटवर माझा पाळणा अर्धाच आहे. त्याच्यापुढं थोडा वेळ ताईचं रडणं ऐकू येतं, आणि मंग मायचा आवाज. गाण्यातला न्हाई, बोलण्यातला, फाटलेला.

"लाइट गेली का गं? रडू नको सत्या. मी हाय ना."