सहीची साडी

कंपनीनं पाठवलेली यादी मी चहा पिता पिता वाचली आणि माझं डोकं सटकलं. आमच्या ऑफिसच्या वेबसाईटवर दर आठवड्याला एक ब्लॉग हवा, हा माझ्या ज्युनिअरचा हट्ट. विषय सुचवायला तिनं पुण्याची एक कंपनी परस्पर गाठली होती. 'वकील निवडताना होणाऱ्या चुका.' 'नटनट्यांचे घटस्फोट : आपण काय शिकावं?' 'व्हॅलेंटाईन डे आणि करार कायदा.' आणि ऑफिस लोणावळ्यात, म्हणून खास आमच्यासाठी : 'चिक्की आणि ट्रेडमार्क.'

"मॅडम, हे क्रिएटिव्ह आहे," ज्युनिअर म्हणाली.

"हे भिकार आहे," मी म्हणाले. वकिलाला जाहिरात करता येत नाही. नावाची पाटी लावायची तीसुद्धा बेताची. ब्लॉगमधून आम्ही किती हुशार आहोत ते सांगायचं नसेल, तर उरतं काय? उरतं ते एवढंच, की लोकांना जे कळत नाही ते कळेल असं सांगायचं. आणि लोकांना काय कळत नाही, ते पुण्यात बसून कसं कळणार? ते आमच्या जिन्यातल्या बाकावर कळतं. वडगावच्या कोर्टातून मी परत येईपर्यंत त्या बाकावर माणसं बसून असतात आणि आपापल्या भानगडी एकमेकांना मोकळेपणानं सांगत असतात. माझ्यापाशी आली की मात्र तीच माणसं घसा खाकरून भलतंच बोलायला लागतात.

तेव्हा ठरलं, की बाकावरचा प्रश्न जसाच्या तसा उचलायचा आणि तेच शीर्षक करायचं. 'बंगलेवाल्यानं गेट लावलं, आता माझा बैल शेतात कुठून जाणार?' 'पावण्यानं खोलीचा टीव्ही फोडला आणि पळाला, पोलीस तक्रार घेत न्हाईत.' हे कुसगावच्या एका हॉटेलवाल्याचं. 'सासऱ्यानं तोंडी दिलेलं शेत माझं की न्हाई?' गावं बदलायची, माणसं बदलायची, प्रश्न तोच ठेवायचा. ज्युनिअर आधी नाक मुरडत होती. मग तिच्याच सासरच्या ग्रुपवर बैलाचा ब्लॉग फिरत फिरत आला आणि ती गप्प झाली.

दुसरा नियम माझा मीच केला. लिहिलेलं आधी मावशींना वाचून दाखवायचं. मावशी म्हणजे आमच्या ऑफिसची झाडलोट करणाऱ्या, चहा करणाऱ्या बाई. माहेर पवनानगरकडचं, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. कुसगावात भाड्याच्या खोलीत एकट्या राहतात. मी वाचायचे, त्या फरशी पुसायच्या. फडकं चालू राहिलं की समजायचं, जमलं. फडकं थांबलं की मी ते वाक्य खोडायचे. पंचवीस वर्षं वकिली करून माझं मराठी असं झालं होतं की 'सदरहू' शिवाय घास गिळत नव्हता. मावशींच्या फडक्यानं ते ताळ्यावर आणलं. खरं सांगते, त्या सकाळी मला फार आवडायच्या. खिडकीबाहेर धुकं, खाली बाजारात दुकानांची शटरं वर जाताहेत, आणि आम्ही तिघी एका वाक्याशी भांडतोय.

श्रावण सरता सरता एका सकाळी मी काही वाचत नव्हते, तरी फडकं थांबलं.

"म्याडम, बहिनीनं सही दिली न्हाई तर भाव तिचं माहेर तोडू शकतो का? कायद्यानं?"

"कुणाची बहीण?"

"हाये एक शेजारीन."

मी त्यांच्या कानांकडे बघितलं. मावशींना खोटं बोलता येत नाही, त्यांचे कान लाल होतात. मग सगळं बाहेर आलं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोन्ही भावांबरोबर मावशींचंही नाव लागलं होतं. आता थोरल्या भावाचा निरोप होता, सोमवारी वडगावला रजिस्टर ऑफिसात यायचं आणि हक्कसोडीवर सही करायची. आपला वाटा आपण भावांना सोडला, असा तो कागद. आमच्याकडे त्याची रीतच आहे. बहीण सही करते, भाऊ तिला साडीचोळी करतो, बाहेर हॉटेलात भजी होतात आणि सगळे हसत घरी जातात. मी अशा शेकडो सह्या पाहिल्या आहेत. नव्या साडीची घडी मांडीवर घेऊन बसलेल्या बायका पाहिल्या आहेत. 'तुम्हाला समजलंय ना?' असं विचारलं की त्या आधी भावाकडे बघतात.

"तुम्हाला काय हवंय, मावशी?"

"जमीन नगं मला. मी कुटं नांगर धरनार? पर गोठ्याच्या अंगाला एक खोली हाय. आई तितंच राह्यची शेवटाला. गुडघे गेल्यावर मी कुटं जाऊ, म्याडम? लेकीच्या दारात?" फडकं पिळून त्या म्हणाल्या, "सही दिली तर ती खोली मागायला मला तोंड राहनार न्हाई. न्हाई दिली तर दादाच तोंड बघनार न्हाई माजं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी मी लिहायला बसले आणि भावांवर अशी आग पाखडली की की-बोर्ड तुटायचा बाकी राहिला. कलमं, मुलीचा जन्मसिद्ध हक्क, भाऊ नावाच्या प्राण्याचा ढोंगीपणा, सगळं. ज्युनिअरनं वाचून टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी मावशींना वाचून दाखवलं. दुसऱ्याच परिच्छेदाला फडकं थांबलं ते पुन्हा हललंच नाही.

"समजलं नाही का?"

"समजलं की. पर ह्यात भाव लय वंगाळ हाय. माजा दादा तसा न्हाई. माज्या लग्नात त्येनं सवताची बैलजोडी इकली."

मला राग आला, आधी मावशींचा, मग स्वतःचा. सगळं खोडलं. रात्रभर नाही, पण जेवताना, भांडी आवरताना डोक्यात तेच घोळत होतं. आणि मग लक्षात आलं की मी बहिणीला सांगत होते, आणि बहिणीला तर सगळं माहीतच होतं. सांगायला हवं होतं भावाला. त्यालाही कुणी कधी नीट सांगितलेलं नव्हतं.

नवं शीर्षक ठेवलं : 'बहिणीचं नाव सातबाऱ्यावर राहिलं तर भावाचं काय जातं?' आणि खाली साध्या शब्दांत लिहिलं. नाव राहिलं म्हणून शेत कुणी उचलून नेत नाही. तुम्ही पेरत होता तसंच पेरा. जमीन विकायची वेळ आली तर तिला विचारावं लागेल, आणि ते विचारायला हवंच. ती वाटणी मागू शकते, हेही लिहिलं, कारण सोयीपुरतं सांगायचं तो कायदा नव्हे. आणि शेवटी : सही मागण्याआधी तिला एकदा विचारा की तुला काय पाहिजे. गाव बदललं, दोन भावांचे चार केले, एक विहीर घातली. मावशींचं फडकं शेवटपर्यंत चालू होतं. टाकू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "टाका. पर माजं नाव न्हाई ना?"

शुक्रवारी ब्लॉग टाकला. शनिवारी सकाळपासून फोन सुरू. कामशेतहून एक जण विचारतोय, माझ्या बहिणीनं तुमच्याकडे तक्रार केली का. बेगडेवाडीहून दुसरा, आमची विहीर तुम्हाला कुणी सांगितली. मावळातल्या प्रत्येक भावाला वाटलं, हे माझंच. ज्युनिअर हसून हसून टेबलावर आडवी. मी म्हटलं, हस, पण एकालाही खोटं सांगू नकोस.

दुपारी जिन्यात जड पावलं वाजली. पांढरी टोपी, पायात चपला चिखलाच्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. गावच्या ग्रुपवर आलेला माझा ब्लॉग त्यांनी पवनानगरला झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला होता.

"वकीलबाई, तुमची नोटीस पोचली," ते म्हणाले. "जबाब द्याला आलोय. किती दिवसांची मुदत हाय?"

"आबा, ही नोटीस नाही."

"वकिलाकडून आलीया, वर तुमचं नाव हाय, खाली माजा गुन्हा लिवलाय. मग काय लगीनपत्रिका हाय?"

मला हसू आवरेना, आणि तेवढ्यात मावशी चहा घेऊन आत आल्या. ट्रे हातात तसाच. आबा उठून उभे राहिले, पुन्हा बसले. मला बोलायची इतकी खाज सुटली होती की मी जीभ दाताखाली धरली.

"तू हितं कामाला हाय, ह्ये म्हाईत हुतं," आबा म्हणाले. "माज्यावर नोटीस काडशील, ह्ये म्हाईत न्हवतं."

"म्या न्हाई काडली, दादा."

"मग सोमवारी येनार न्हवतीस का?"

"येनार हुते. सही करून देनार हुते."

आबांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हातारा माणूस बोलतो तसं, माझ्याकडे बघत, बहिणीला ऐकू जाईल असं बोलायला लागले. भीती जमिनीची नव्हती. बंगलेवाल्यांचे दलाल रोज दारात येतात. उद्या मावशींच्या जावयाला त्यातल्या कुणी गाठलं, त्यानं वाटा परक्याला विकला, तर घराच्या मधोमध कुणाचं तरी कुंपण येईल. "आमी मरायच्या आदी ह्ये निस्तरावं म्हनलं."

"जावई कुटनं इकंल? नाव माजं हाय," मावशी म्हणाल्या. "मला आईची खोली पायजे, दादा. बाकी काय नगं."

"मग बोलली का न्हाईस कदी?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी सही मागितली."

चहा गार झाला. आबांनी तो तसाच एका घोटात संपवला, पिशवीत कागद घातला आणि मला विचारलं, "मंजी आता जबाब द्याचा न्हाई?" मी म्हटलं, दिलात की. खोलीचं काहीच न ठरवता ते जिना उतरले. मावशींनी कप धुतले. त्या दिवशी त्यांनी फरशी दोनदा पुसली.

सोमवारी वडगावला कुणी गेलं नाही. पवनानगरहून निरोपही आला नाही. राखीला आलेला भाऊ दसऱ्याला आला नाही. मला वाटलं, बाई, तुझ्या त्या क्रिएटिव्ह ब्लॉगनं एका बाईचं माहेर गेलं. चिक्कीवर लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं. मावशींना विचारायची हिंमत होईना. मी वाचताना त्या मान खाली घालून फरशी पुसत राहायच्या.

दिवाळीनंतर ऑफिस उघडलं त्या सकाळी मावशी उशिरा आल्या. अंगावर हिरवी काठाची नवी साडी, इतकी कडक की पायऱ्या चढताना कुरकुर वाजत होती. ज्युनिअर म्हणाली, काय मावशी, आज झाडायचं की लग्नाला जायचं?

"भाऊबीजेला गेलते," त्या म्हणाल्या. "दादानं आईच्या खोलीवर पत्रा नवा टाकला. तेच्यात गुतला हुता, म्हनून दसऱ्याला आला न्हाई. चावी दिली माज्याकडं." कमरेला खोचलेली चावी त्यांनी काढून दाखवली आणि परत खोचली. "ही साडी सहीसाटी आनून ठिवलेली. वैनी म्हनली, सही न्हाई तर साडी कशाला. तर दादा म्हनला, तिच्याच नावानं आनलीया, नेस म्हनावं."

माझा जीव भांड्यात पडला. मला रडू येत होतं आणि ते ज्युनिअरला दिसू नये म्हणून मी तिला उगाच झापलं, की या आठवड्याचा विषय कुठाय.

मावशींनी पदर खोचला, बादली उचलली. दारापाशी जाऊन थांबल्या.

"म्याडम, भावानं सही न घेता साडी दिली, तर तेला कायद्यात काय म्हनत्यात?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. मग खरं तेच सांगितलं, की त्याला कायद्यात काही नाव नाही.

"मग ह्यो इषय राहू द्या," मावशी म्हणाल्या, आणि फरशी पुसायला लागल्या.