सहा आवाज आणि एक वही

सोल्डरबाईंनी उभ्या नोकरीत एक काम कधी दोनदा तपासलं नव्हतं. आज, एकसष्टाव्या वर्षी, त्या काढलेले स्क्रू तिसऱ्यांदा मोजत होत्या, आणि त्याला वयाचं निमित्त नव्हतं.

रेडिओ केंद्राच्या दुरुस्ती विभागात त्यांची तीस वर्षं गेली. वितळलेल्या धातूने, म्हणजे सोल्डरने, तारा जोडायच्या, म्हणून नाव कुणी घेतच नसे, सगळ्यांच्या त्या सोल्डरबाई. सुरुवातीला पुरुषमंडळींना भारी हसू यायचं. "बाई, पोळी नाही हो ती, सर्किट आहे!" बाईंनी वर्षभर त्याच शहाण्यांनी करून ठेवलेले घोळ निस्तरले, तेव्हा कुठे त्यांची तोंडं बंद झाली.

आज बाई सरांच्या घरी आल्या होत्या, आणि समोर उघडं पडलेलं यंत्र सरांचं होतं. सर रेडिओवरचे संगीतकार. आकड्यांवरून आवाज तयार करणारे डिजिटल सिंथेसायझर नवे निघाले, त्या काळातलं हे यंत्र. सरांचं संगीत लागलं की लोक रेडिओ बिघडला म्हणून बाईंच्या विभागात फोन करायचे! तरी हा हट्टी माणूस यंत्राचे आकडे बदलून बदलून नवे आवाज घडवत बसला. असे मनासारखे सहाच साधले, आणि सगळं संगीत त्या सहांवर रचलं. येत्या शनिवारी त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. आणि मंगळवारी यंत्राने पडद्यावर दाखवलं, की आतली बॅटरी संपत आली.

ती असते शर्टाच्या बटणाएवढी. पण यंत्र बंद असताना आवाज तीच सांभाळते. ती मेली की सहाही आवाज गेले. आणि काचबिंदूमुळे सरांना आता पडद्यावरचा आकडा दिसत नव्हता, मग पुन्हा घडवायचे कसे?

"आकडे लिहून ठेवा की," असं बाईंनी पूर्वी शंभरदा सांगितलं होतं. "आवाज कागदावर उतरला की बाजारात गेला," हे सरांचं ठरलेलं उत्तर. रेडिओवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका रेकॉर्डिस्टने त्यांचे आकडे टिपून घेतले, तर सरांनी त्याला सगळ्यांदेखत चोर म्हणून हाकललं. त्यानंतर त्याचं तोंड पाहिलं नाही. गुणी माणूस होता हो तो.

आणि बाई? वीस वर्षांपूर्वी यंत्र दुरुस्तीला आलं, तेव्हा बाईंनीही सहाही आवाज गुपचूप वहीत उतरवले होते. विश्वासघात म्हणा, नाहीतर अक्कल म्हणा. ती वही आज पिशवीत, रुमालात गुंडाळलेली होती. ती काढायची वेळ येऊ नये, एवढंच बाई मनात घोकत होत्या.

काम असं, की यंत्र चालू ठेवायचं, म्हणजे विजेवर आवाज टिकतात, आणि तेवढ्यात बॅटरी बदलायची. पण टाका मारायच्या तापत्या सोल्डरिंग आयर्नमधून जराशी वीज झिरपली तरी सगळं पुसलं जायचं. म्हणून आयर्न तापवायचं, त्याचा प्लग काढायचा, आणि ते गार व्हायच्या आत टाका मारायचा.

"सर, माझे दोन्ही हात अडकलेत. मी म्हटलं की आयर्नचा प्लग काढा. लाल दोरा बांधलाय तो."

"आंधळा नाही झालो अजून," सर फणकारले.

पहिली खेप सुखरूप पार पडली. जुनी बॅटरी निघाली. आता सहाही आवाज नुसत्या भिंतीतल्या विजेवर तगून होते. आयर्न पुन्हा तापलं. बाईंनी नवी बॅटरी चिमट्यात धरली.

"काढा."

खट् झालं, आणि यंत्राचा पडदा काळा झाला.

सरांच्या हातातल्या प्लगला दोराच नव्हता. बाईंनी तो अलगद काढून घेतला.

"बॅटरी लागली का?" सरांनी विचारलं.

"लागली."

"आहेत ना सगळे?"

"आहेत," बाई म्हणाल्या. एवढं धडधडीत खोटं त्या नवऱ्याशीही कधी बोलल्या नव्हत्या.

"वाजवा बघू एक."

"झाकण लावल्याशिवाय नाही. तुम्ही जेवा, जरा आडवे व्हा."

आतून सरांच्या सूनबाईंनी ताट वाढल्याची हाक दिली, आणि सर उठून आत गेले. सुटले बाई एकदाची, असं त्यांना झालं. बॅटरीला टाका मारून त्यांनी यंत्र चालू केलं. सहाही जागी नुसता कचरा! त्यांनी वही उघडली. एकेका आवाजाला शंभरावर आकडे, आणि प्रत्येक आकडा बटण दाबदाबून भरायचा. पलीकडे सर खोकले की बाईंचा जीव वरखाली. सूनबाई चहा घेऊन डोकावल्या, तशी वहीवर रुमाल पडला. सहावा आवाज भरून झाला, आणि सर काठी टेकत आलेच.

ते वाजवायला बसले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला थांबले. पुन्हा वाजवला.

"हा मी बदलला होता," सर सावकाश म्हणाले. "सात वर्षांपूर्वी. डोळे धड होते तेव्हा. हा तर त्याआधीचा वाजतोय."

बाईंचा हात रुमालाकडे गेला.

"म्हणजे प्लग मी चुकीचा काढला."

"हो."

"मग हे आले कुठून?"

बाईंनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "वीस वर्षांपूर्वी उतरवले. तुमच्या अपरोक्ष. आता काय बोलायचं ते बोला, पण शनिवारी वाजवा."

सरांनी वहीवरून बोटं फिरवली. मग पाचवा आवाज पुन्हा लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"सुधारायला गेलो आणि वाटोळं केलं होतं याचं. मूळचा परत आणायला दोन वर्षं धडपडलो, बाई. मग डोळेच गेले."

वही त्यांनी सोडली नाही.

"तो रेकॉर्डिस्ट," जरा वेळाने ते म्हणाले. "त्याचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?"