चढावरची उटी

पूर्वी माझ्या उजव्या बुटाची टाच हीच आमची प्रयोगशाळा होती. डांबराचा थर पडला, रोलर फिरून गेला, की मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहायचो, टाच रोवायचो आणि वगातल्या सरदारासारखी एक झकास गिरकी घ्यायचो. खळगा पडला नाही, की दोन्ही हात वर करून गर्जना करायचो, "झाला!" आमचे रोलरवाले मामा वरून म्हणायचे, "शेठ, जरा दमानं. रस्ता टिकंल, बूट जाईल."

मी छोटा ठेकेदार आहे. कर्जत-जामखेडकडचे रस्ते करतो. ठेकेदार म्हटल्यावर माणसं आपला खिसा चाचपतात, हे मला ठाऊक आहे. खुशाल चाचपा, पण गोष्ट पुरी ऐका.

तर नवे नियम आले आणि माझी टाच निवृत्त झाली. आता गरम माल ताडपत्रीखाली झाकून आणायचा. डंपर आला की मालात तापमापक खुपसायचा. ठरलेल्या रेषेच्या खाली काटा दिसला, तर आल्या पावली डंपर परत. माल पसरून, दाबून झाला तरी सुटका नाही. दुसऱ्या दिवशी एक यंत्र येऊन तयार रस्त्यातून गोल तुकडा कापून काढतं. कागदोपत्री त्याला कोअर म्हणतात, आमची माणसं गट्टू म्हणतात. दिसायला अगदी काळ्या डब्यासारखा. तो प्रयोगशाळेत जातो. तिथं त्याची जाडी मोजतात, माल किती घट्ट बसलाय ते बघतात. गट्टू नापास झाला, तर ज्या पट्ट्यातून काढला तो अख्खा पट्टा उखडून पुन्हा करायचा.

तपासणीला येणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि मला काका म्हणायच्या. 'नाही काका' हे दोन शब्द त्या इतक्या गोड आवाजात म्हणायच्या, की नकार मिळालाय हे मला घरी गेल्यावर कळायचं.

खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लांबलचक चढ आहे. तिथं काम चाललं होतं. थंडीचे दिवस, माळावरचं बोचरं वारं आणि उसाचा हंगाम भरात. त्या दिवशीचा शेवटचा डंपर काही येईना. फोन केला तर चालक ओरडला, "पुढं उसाचा ट्रॅक्टर हाय! दोन ट्रॉल्या! बाजूच देईना!" मी डोळ्यांसमोर माल गार होताना बघत होतो. स्वतःच्या लग्नात जेवणाची पंगत खोळंबली होती तेव्हासुद्धा मी एवढा कासावीस झालो नव्हतो.

शेवटी डंपर आला. मॅडमनी तापमापक खुपसला. मी काट्यावर असा ओणवा झालो, की माझं नाक मालात जायचं बाकी राहिलं.

"काका, तोंड बाजूला घ्या. तुमच्या श्वासानं काटा चढायचा नाही."

काटा रेषेच्या वर होता. पण कसा? उंबऱ्यावर उभं राहून, येऊ की नको, असं विचारणाऱ्या पाहुण्यासारखा. मॅडमनी बराच वेळ बघितलं. "घेते," त्या म्हणाल्या. "पण उद्या एक कोअर मी याच पट्ट्यातून काढणार."

मामांनी रोलर सुरू केला. "शेठ, तुमी फकस्त गप बसा. वारं लागायच्या आत दाबतो." मी गप बसलो. माझ्या आयुष्यात ही घटना वरचेवर घडत नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. तीन गट्टू निघाले. तिसरा चढावरचा, माझ्या जिवाला घोर लावणारा. दिसायला तो अखंड, सुबक होता, पण मॅडम म्हणाल्या, "दिसण्यावर नाही काका, आतून किती घट्ट आहे त्यावर." त्यांनी तिन्हींवर खडूनं आकडे घातले आणि यंत्राच्या पाण्यानं ते भिजले होते म्हणून कडेला उन्हात वाळत ठेवले. आम्ही खालच्या बाभळीखाली जेवायला बसलो. मामांच्या घरचा ठेचा मॅडमनी मोठ्या धीरानं खाल्ला आणि पुढची पाच मिनिटं त्या काहीही नाकारण्याच्या अवस्थेत नव्हत्या. अर्ज करायची ती वेळ मी दवडली.

जेवून वर आलो, तर दोनच गट्टू. तिसरा गायब.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "काका, नेमका तोच?"

आता सांगा! एरवी मी मेलेल्या म्हशीवर भाषण करू शकतो, पण त्या घडीला मी आधी स्वतःचेच खिसे चाचपले. पट्टा उखडावा लागेल ही भीती होतीच. तिच्याहून वाईट म्हणजे या पोरीला वाटणार, काकांनीच तो लपवला. अन् काकांचा एकूण अवतार बघता तिला तसं वाटण्यात गैर काहीच नव्हतं.

"मॅडम, आईशप्पथ..."

"शपथ तपासायचं यंत्र नाही आमच्याकडे."

आम्ही शोधू लागलो. थोडं वर, चढावरच, दोन ट्रॉल्या भरून ऊस लादलेला एक ट्रॅक्टर बंद पडून उभा होता. चालक इंजिनात डोकं घालून बसला होता. मामा मागच्या ट्रॉलीजवळ गेले, वाकले आणि ओरडले, "शेठ! गट्टू घावलं! पर हात लावू नका!"

चढावर गाडी थांबली, की ती मागं घसरू नये म्हणून चाकामागं दगड लावतात, त्याला आमच्याकडे उटी म्हणतात. मागच्या ट्रॉलीच्या चाकाला उटी लावली होती. काळी, गोल, खडूचा आकडा घातलेली.

"कुणाला विचारून घेतलास रे हा?" मी गरजलो.

चालकानं शांतपणे डोकं बाहेर काढलं. "कुनाला इचारू सायेब? तुमी समदे जेवाय बसल्याले. गाडी मागं सरकाय लागली. पोरगा उतरून दगुड हुडकतोय, तर दगुडच न्हाई! असला कसला रस्ता केलाय तुमी? उटीला दगुड न्हाई म्हंजी काय!"

खरं होतं. कडा साफ हव्यात, हाही नवा नियम. आम्ही दोन्ही बाजूंचे दगड इतके वेचले होते, की बोरं पाडायलाही खडा मिळाला नसता.

"काल माझा डंपर अडवणारा तूच ना? माल गार होत होता माझा!"

"काल? काल लई जन हुते माझ्या मागं. तुमचा कंचा?"

मॅडम चाकाजवळ उकिडव्या बसून बघत होत्या. गट्टू काढावा तर ट्रॉल्या मागं येणार, आणि मागं मॅडमची जीप उभी. शेवटी मामांनी रोलर चढावर आणला आणि नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो तसा ट्रॉलीच्या पाठीशी अलगद टेकवला. मग आम्ही गट्टू काढला. एका बाजूला टायरची नक्षी उमटली होती. बाकी ना तडा, ना कड निखळलेली.

मी दोन्ही हात वर केले. "झाला!"

"नाही काका," मॅडम म्हणाल्या. "उसाच्या ट्रॉलीखाली ठेवून बघणं, ही चाचणी आमच्या नियमात नाही." पण बोलताना त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि मला तेवढ्यानंही अर्धा श्वास आला. त्यांनी त्याच पट्ट्यातून, जुन्या भोकाशेजारीच, दुसरा गट्टू काढला आणि तो मांडीवर ठेवून जीपमधून नेला.

निकाल आला तेव्हा मी कर्जतला दाढी करायला बसलो होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस. फोन वाजला.

"काका, चढावरचा पट्टा..." आणि त्या थांबल्या. मुद्दाम थांबल्या! एवढ्या दिवसांत ही कला त्या माझ्याकडूनच शिकल्या होत्या. मग माझ्याच आवाजात, माझ्याच थाटात गर्जना आली, "झाला!"

मी खुर्चीतून असा उठलो, की न्हाव्यानं वस्तरा डोक्यावर धरून भिंत गाठली. तिथंच, फेसासकट, मी टाचेवर गिरकी घेतली. जुन्या प्रयोगशाळेला तेवढा मान द्यायलाच हवा होता.

टायरची नक्षी असलेला गट्टू माझ्याच गाडीत पडून होता. पुढं एकदा त्याच चढावर तो ट्रॅक्टरवाला भेटला. "सायेब, ती उटी हाय का अजून? तसली पुन्हा घावली न्हाई." मी दिली. आता ती तारेच्या जाळीत बांधून त्याच्या मागच्या ट्रॉलीला लटकलेली असते. परवा गरम माल घेऊन आमचा डंपर त्याच्या मागं आला आणि मी डंपरच्या मागं. ट्रॅक्टर हळूच कडेला झाला. चालकानं हात बाहेर काढून हलवला, "जाऊ द्या, जाऊ द्या! गार हुईल!"